श्रीपत आत आहे

हिरूने श्रीपतच्या पिंडाचं केळीचं पान उचलून थोडं लांब, सपाट कातळावर ठेवलं आणि तो पुन्हा मागे सरकला. उंबरावर तीन कावळे होते. एक खाली आला, पानाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत फांदीवर गेला.

"दादा, पोरींची लग्नं मी करीन," हिरू हात जोडून म्हणाला. "वहिनीला अंतर देनार नाय."

कावळा हलला नाही.

"सप्त्यात कीर्तन चुकनार नाय म्हन," मागून कुणी म्हातारा बोलला. "त्यातच जीव व्हता त्याचा."

तेही म्हणून झालं. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले, तशी गंगाबाई उठून सखारामजवळ आली. दहा दिवसांत तिचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता.

"भावजी, कंपनीत काय अडकलंय का वो यांचं? तुमीच शेजारी बसायचात."

"नाय, वहिनी."

एवढं बोलून तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

खोपोलीच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी, पंचाऐंशी साली, कॉम्प्युटर आला. यंत्र एक, पडदे दोन. एकदा श्रीपत आणि सखाराम दोघांनी एकाच वेळी गोदामाचा प्रोग्राम उघडला आणि मालाच्या नोंदींचा पार चिवडा झाला. तेव्हा श्रीपतने त्यात स्वतः एक अडसर घातला. पहिला जो आत जाईल त्याचं नाव यंत्र धरून ठेवणार, आणि तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याला घेणार नाही.

"एवढं कशाला रं?" सखाराम हसला होता.

"नारदाच्या गादीवर बुवा एकच उभा ऱ्हातो. दुसरा चढला तर ते कीर्तन नाय, कुस्ती."

गेला त्या दिवशी श्रीपत छातीवर हात दाबून खुर्चीतून उठला, तो प्रोग्राम बंद न करताच. नाव आत राहिलं. यंत्र बंद करून परत लावलं तरी पडद्यावर तेच येई, इंग्रजी अक्षरांत मराठी: श्रीपत आत आहे. थांबा.

ते पुसायला एक ओळ पुरे होती. श्रीपतनेच ती सखारामला शिकवली होती. पण साहेबांना त्याने सांगितलं, मुंबईहून इंजिनियर यावा लागेल. मग रोज सकाळी तो पडदा लावी, ती अक्षरं वाची आणि वही ओढून हातानं नोंदी करायला बसे.

भटजींच्या हातातला दर्भ वळून होत आला. सखाराम पानापाशी गेला आणि खाली वाकला.

"श्रीपत, उद्या तुझं नाव पुसतो," तो हळूच म्हणाला.

क्षणभर त्याला वाटलं, कावळा आला नाही तर बरं.

कावळा आला. भाताला चोच लावली, आणि मागोमाग दुसराही उतरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गंगाबाई वाकून सखारामच्या पाया पडू लागली.

"तुमीच सोडवलंत त्यांना, भावजी."

त्याने झटकन पाय मागे घेतले. त्याला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचला, पण गोदामातली शकू येईपर्यंत त्याने पडद्याला हात लावला नाही.

"काय सखारामभाऊ, आले का तुमचे मुंबईचे इंजिनियर?" शेजारच्या पडद्यासमोर बसत शकूने विचारलं. "का खोपोलीला न थांबता घाटच चढून गेले?"

एकेक अक्षर दाबत त्याने ओळ लिहिली. शेवटच्या बटणावर बोट बराच वेळ तसंच राहिलं. मग ते खाली गेलं.

"बघ आता तुझ्याकडून."

शकूने आपलं नाव घातलं. प्रोग्राम लगेच उघडला. आत कुणी होतं याची कसलीच खूण नव्हती. ती पडद्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे वळली.

"एवढंच होतं?"

"एवढंच," सखाराम म्हणाला.