एलेउतेरिओला ऐकू आलेली कोंबडी

कोर्टात दुभाष्याचं काम मी पत्करलं ते शाळेत पोरं हाकण्यापेक्षा सोपं असेल या समजुतीनं. नान एंग्रासियाच साक्षीला उभी राहणार हे आधी कळलं असतं, तर मी पोरंच हाकत बसलो असतो.

आमच्या इशील आदिवासी लोकांत वयानं मोठ्या बाईला सगळे नान म्हणतात. ही नान आमच्याच डोंगरातल्या वस्तीची. सैन्यानं वस्ती जाळली त्या वर्षी तिच्या नवऱ्याला, सिप्रियानोला, दारातून ओढत नेलं आणि तो परत आला नाही. घरं बोट करून दाखवणारा एलेउतेरिओ गावातलाच होता. सैन्यानं त्याला पुढारी नेमलं होतं. जाताना त्यानं गावची मारिंबाही उचलली. तिघांनी शेजारी उभं राहून लाकडी पट्ट्या बडवायच्या, एवढं मोठं ते वाद्य. सिप्रियानो तिचा मुख्य वाजवणारा.

खटला उभा राहीपर्यंत नानचे दात पडून गेले. एलेउतेरिओ कोर्टात आला तो चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन. त्याच्या वकिलानं सांगितलं, आजोबांना ऐकू येत नाही, आठवत तर काहीच नाही, अशा जिवावर खटला कसला चालवता. एलेउतेरिओ छताकडे बघत बसला होता. मधूनच तो वकिलाला "आई" अशी हाक मारायचा. वकील लाजायचा, पण ओ द्यायचा.

न्यायाधीशबाई राजधानीहून आलेल्या. त्या स्पॅनिश बोलणाऱ्या, त्यांना आमच्या इशील भाषेचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी नानला विचारलं, या माणसाला ओळखता का.

नान जी सुरू झाली ती थांबेचना. एलेउतेरिओच्या बापाच्या मिशांपासून तिनं सुरुवात केली. मग त्याच्या घरातलं डुक्कर त्याच्यापेक्षा कसं सालस होतं, त्याच्या बारशाला पाद्रीबाबांना शिंका कशा लागल्या, हे सगळं आलं. त्यानंतर जे आलं ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. मी घाम पुसला आणि स्पॅनिशमध्ये म्हणालो, "हो, ओळखते."

बाईंनी चष्मा काढला. "एवढं बोलल्या त्या, आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलंत?"

"आमची भाषा जरा पाल्हाळिक आहे, बाई."

त्यांनी बजावलं, शब्दन्‌शब्द सांगा, नाहीतर दुसरा दुभाष्या आणते. मग मी मिशा सांगितल्या, डुक्कर सांगितलं. टंकलेखक मुलगी काहीतरी पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली गेली ती लवकर वर आलीच नाही. एलेउतेरिओ ढिम्म.

मग नाननं मारिंबाची गोष्ट काढली. म्हणाली, चोरली ती चोरली, पण याला वाजवता तरी येत होती का? पत्र्यावर कोंबडीनं मका टिपावा तसं वाजवायचा. माझ्या सिप्रियानोनं याला वाजवणाऱ्या मंडळीतून हाकलला होता.

कोंबडीला स्पॅनिशमध्ये कसं बसवावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून स्वच्छ इशीलमध्ये आवाज आला.

"खोटं बोलतेय म्हातारी. मला कोणी हाकललं नाही, मीच सोडलं. सिप्रियानोच बेताल होता. मारिंबा माझ्या बैठकीत आहे, घेऊन या, आत्ता वाजवून दाखवतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हे मात्र मी एकही शब्द न गाळता सांगितलं. एलेउतेरिओला उशिरानं भान आलं. त्यानं वकिलाकडे वळून पुन्हा "आई" म्हटलं, पण या वेळी ओ आली नाही.

लोक हसत होते. नान हसली नाही. ती काठी टेकत खुर्चीपाशी गेली.

"ऐकू येतंय ना? मग ऐक. त्याला कुठं पुरलंत तेवढं सांग. मी तेच विचारायला आलेय."

एलेउतेरिओनं घोंगडीत मान घातली आणि तो पुन्हा बहिरा झाला. तिचं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगायला मी दोनदा सुरुवात केली. बाई थांबल्या. त्यांना बहुतेक कळलं होतं.

डॉक्टरांनी त्याला ठणठणीत ठरवलं, खटला चालला, शिक्षा झाली. पुढं त्याच्या वकिलानंच निरोप धाडला की सैन्याच्या जुन्या छावणीमागं खणून बघा. एलेउतेरिओच्या मनाला टोचलं, की शिक्षा कमी होईल अशी आशा होती, ते मला सांगता येणार नाही. खणल्यावर सिप्रियानो सापडला. त्याच्याबरोबर आणखीही गावकरी सापडले.

मारिंबा बसच्या टपावरून गावात आली, पण वाजवणारे जुने हात उरले नव्हते. मी आणि माझे दोन मेहुणे शिकायला लागलो. दफनाच्या दिवसापर्यंत आम्हाला एकच चाल बसली होती, आणि ती लग्नातल्या नाचाची होती. शवपेट्या उचलायच्या वेळी आम्ही तीच वाजवली. पाद्रीबाबांनी डोळे मोठे केले. नाननं हात वर करून आम्हाला थांबवलं.

"काय रे हे?"

"एवढंच येतं, नान."

तिनं पेटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मग जरा सावकाश वाजवा. माझे गुडघे दुखतात."

आणि ती नाचायला लागली. तिच्यामागून तिच्या सुना, मग सगळी वस्ती. पेट्या उचलणाऱ्यांनी खांदे सांभाळत ठेका धरला. स्मशानाची वाट चढाची, त्यामुळे मारिंबा वर नेताना आमचाच दम निघाला. वर पोचून पाद्रीबाबा प्रार्थना म्हणायला लागले, तर त्यांचाही पाय हलत होता.