मीटरवरचे तीन

बॅटरीतून वीज कमी कशी ओढायची हे चिक्कूशेठला विचारायचं, असा त्या कारखान्यात शिरस्ताच पडला होता. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. एवढीशी वीज वाचली तरी माणूस दिवसभर शीळ घालत फिरे, म्हणून चिक्कू. आणि त्याचा तोरा बघून कुणीतरी पुढे शेठ जोडलं.

काम होतं तळहाताएवढ्या बोर्डांचं. ते पाण्याच्या पाइपाशेजारी जमिनीत पुरायचे. बोर्डाने मधूनच जागं व्हायचं, पाइपातून गळतीचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकायचं, बिनतारी निरोप धाडायचा आणि पुन्हा झोपायचं. बॅटरी एकच, आणि ती पाच वर्षं पुरली पाहिजे, कारण बदलायची म्हटली तर रस्ता फोडावा लागतो. हा बोर्ड आयुष्यभर झोपाच काढणार, तेव्हा झोपेत तो किती खातो याला खरी किंमत. चिक्कूशेठने बोर्डावरचा मिणमिणता दिवा उपटला, रेडिओची वीज मधल्या वेळात तोडली, आणि झोपेतला खप नऊ मायक्रोअँपवर आणून ठेवला. याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही असं सगळे म्हणत. आधी तो स्वतः म्हणे, मग सगळे म्हणत.

आणि मग या शहाण्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. बायकोच्या धाकट्या भावाला तिथे नोकरीला लावलं.

मेहुणा हुशार होता, हे दुःख होतंच. पण तो गोडही होता, हे सहन होण्यापलीकडचं. चहा आणताना शेजारच्यालाही आणायचा. कुणाचा बोर्ड चालेना, तर आपलं सोडून तिथे बसायचा. वर्ष व्हायच्या आत लोक अडलं नडलं विचारायला त्याच्या टेबलाशी जाऊ लागले. चिक्कूशेठच्या टेबलावरून पुढे जाऊन! एकाने तर वाटेत थांबून, "शेठ, तुमचे मेहुणे जेवायला गेलेत का हो?" असं त्यालाच विचारलं. चिक्कूशेठच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी काय त्याचा चौकीदार आहे?" तो खेकसला.

शहराच्या पाण्याचं मोठं काम आलं तेव्हा मालकीणबाईंनी सांगून टाकलं की ज्याचा बोर्ड कमी खाईल तोच जमिनीत जाईल, आणि तोच माणूस हे काम सांभाळेल. चिक्कूशेठने जिवाचं रान केलं आणि नवावरून आठावर आला. मेहुण्याच्या मीटरवर तीन दिसले.

तीन! अख्खा कारखाना त्याच्या टेबलाभोवती गोळा झाला. बाईंनी चष्मा लावून आकडा बघितला, काढून बघितला. चिक्कूशेठही गेला, न जाऊन सांगतो कुणाला. तोंडावर हसू चिकटवून वाकला आणि त्याला केबल दिसली.

कॉम्प्युटरमधून बोर्डात प्रोग्रॅम घालायची ती बारकी करडी केबल तशीच लावलेली होती. आता यात गोम अशी की ही केबल लावून ठेवली तर बोर्ड गुपचूप तिच्यातूनही वीज ओढतो. मीटर असतो बॅटरीच्या वाटेवर, त्याला ही चोरी दिसतच नाही. शेजारणीकडे जेवून यायचं आणि आपल्या घरचं पीठ किती पुरतं म्हणून फुशारकी मारायची, त्यातला प्रकार. शेवटचं माप घेताना केबल उपटायची, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ज्याने एकदा तोंड पोळून घेतलंय त्यालाच ते ठाऊक. चिक्कूशेठने उमेदवारीत पोळून घेतलं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढच्याने तोंड उघडलं तर ना!

त्याने नाही उघडलं. "वा," म्हणाला आणि जागेवर येऊन बसला. इतकं गार वाटलं त्याला, की बऱ्याच महिन्यांनी शीळ घातली.

घरी जेवताना बायकोच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "तीन म्हणे हो! लहानपणी रेडिओ उघडून बसायचा तेव्हा आई मारायची त्याला. मी म्हणायचे, मारू नकोस, हा नाव काढणार." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्या नऊच्या आकड्याला हिचे डोळे कधी भरले होते का, हे चिक्कूशेठ आठवून बघू लागला. भरले नव्हते. तिने भाजी वाढली, तर त्याने ताटावर हात धरला.

पाणी लागू नये म्हणून बोर्ड डब्यांत घालून राळेत कायमचे बंद करायच्या आदल्या दिवशी मेहुणा त्याच्या टेबलाशी आला. बोर्ड, मीटर, केबल सगळं जसंच्या तसं उचलून आणलेलं. "दाजी, एकदा नजर टाका ना. मला आपलं हे खरं वाटत नाही. इतकं कमी कसं येतं?"

केबल चिक्कूशेठच्या कोपराला लागत होती. नुसता हात हलवला असता तरी निसटली असती. एक शब्द जिभेवर आलाही. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, तीनवाले, बाई बोलावतायत!" आणि शब्द परत घशात गेला.

"आता तू माझ्याहून मोठा झालास बाबा," चिक्कूशेठ म्हणाला. "मी काय बघणार?"

"असं काय, दाजी," म्हणून मेहुणा हसला आणि बाईंकडे पळाला.

तीनच्या हिशेबाने धाकटी बॅटरी लावून बोर्ड राळेत गेले, डब्या रस्त्याखाली गेल्या, वर डांबर पडलं. चिक्कूशेठ वाट बघत बसला. भूक जास्त झाली होती, झोप कमी.

वर्ष उलटायच्या आतच एकेक डबी मुकी होऊ लागली. मग दहा, मग रस्तेच्या रस्ते. शहराच्या पाणी खात्याने काम काढून घेऊ अशी तंबी दिली. बाईंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. चिक्कूशेठ धुतलेला सदरा घालून गेला. आता त्याची पाळी होती. मेहुणा रडेल, सबबी सांगेल, आणि सगळे वळून म्हणतील, शेठ, आता तुम्हीच बघा.

मेहुणा उभा राहिला. चेहरा उतरलेला, पण आवाज सरळ. "चूक माझी आहे. बॅटरीवाल्याची नाही, राळेची नाही, माझी. माप घेताना मी केबल काढली नव्हती. झोपेतला खप तीन नव्हता, वीसच्या वर होता. काल शोधून काढलं. नवे बोर्ड मी सुट्टी न घेता करून देतो. त्यानंतर मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मग बाई हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इथे उभं राहून 'चूक माझी' म्हणणारा तू पहिला. आणि शोधलीसही तूच. मला अशीच माणसं हवीत. काम तुझ्याकडेच राहील." कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हिशेबनीस बाईंनी तर डोळे पुसले.

चिक्कूशेठला वाटलं आपण ठार वेडे होणार. जिंकला तेव्हा याचं कौतुक. हरला तरी याचंच! शहरभर डब्या मेल्या, आणि पाठ थोपटतायत कुणाची, तर याची!

"शोधली काय त्यात!" तो ताडकन उठला. "त्यात शोधण्यासारखं होतं काय? ती केबल मला पहिल्याच दिवशी दिसली होती! लांबून दिसली होती! विचारा कुणालाही, माझ्यासारख्याला अशा गोष्टी एका नजरेत कळतात!"

छाती पुढे काढून त्याने सगळ्यांकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाठीवर हात ठेवणारा माणूस खाली बघू लागला. मग कुठे आपण काय बोलून बसलो ते चिक्कूशेठच्या हळूहळू ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

मेहुणा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बोर्ड राळेत गेले त्या दिवशी ताई विचारत होती," तो म्हणाला. "म्हणाली, यांना दाखवलंस ना रे? मी म्हटलं, दाखवलं. काही चुकलं असतं तर दाजी बोलले असते."