सदिशाच्या डोक्यावरचा बाण

भूमितीच्या त्या पुस्तकाचे लेखक दोन: निवृत्त शिक्षिका असलेल्या मावशी आणि त्यांचा प्राध्यापक भाचा. संगणकावर पानं लावणारी मी एकटी. बिंदूचं अक्षर साधं ठेवायचं, हे दोघांना मान्य होतं. भांडण होतं सदिशावरून, म्हणजे दिशा असलेल्या राशीवरून. भाच्याला तिचं अक्षर ठळक हवं होतं, मावशींना अक्षराच्या डोक्यावर बाण. एकाची दुरुस्ती दुसरा खोडायचा आणि मी आख्खं पुस्तक हाताने बदलत बसायचे. माझा जीव मेटाकुटीला आला.

शेवटी मी प्रत्येक सदिशाला एकच कमांड दिली आणि तो कसा दिसणार, हे फाइलच्या सुरुवातीला एका ओळीत लिहिलं. ती ओळ बदलली की सगळं पुस्तक बदलायचं. मग दोघांना बोलावून पडद्यासमोर बसवलं.

"आता काय भांडायचं ते इथेच भांडा," मी म्हटलं.

आधी ठळक अक्षरं दाखवली. भाचा खूश झाला. मावशी पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकल्या.

"यात बिंदू कुठला आणि सदिश कुठला?"

मी ओळ बदलली. सगळीकडे बाण उमटले. मावशी मागे टेकून भराभर वाचू लागल्या. भाचा त्यांच्याकडे बघत राहिला.

"डोळ्यांचं मला का नाही सांगितलंस?"

"तू पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं असतंस."

"बाण राहू द्या," तो मला म्हणाला. मग त्यांच्याकडे वळला. "उद्या डोळे दाखवायला जाऊ, मावशी. दुसरा भाग अजून लिहायचाय आपल्याला."