दोघींचं खरं वजन

मोटारसायकलबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते मी, दिवसभर सीटवरच असते. नवऱ्याला दुचाकी चालवता येत नाही, ते एक असो. त्यामुळे सासूबाईंना कुठे न्यायचं झालं की मीच.

आणि आईंना जायचं असतं ते एकाच ठिकाणी. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. मावशींना फोनवरचं ऐकू येत नाही; समोर बसून बोललं, ओठ हलताना दिसले, तरच कळतं. बंद गाडीत आईंना मळमळतं, म्हणून माझी मागची सीट. पण त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं. एकदा जाऊन आल्या की गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन दोन-तीन दिवस पडून. शेवटी एकदा म्हणाल्या, "राहू दे गं. आता तिच्याकडे जायचं नाव नको." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून निजल्या. माझं डोकंच फिरलं. पाठ दुखते म्हणून काय माणूस बहीण तोडतो? गाडीचे मागचे शॉकअप दगडासारखे कडक होते, आणि शॉकअप बदलता येतात.

कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. "आरामशीर पाहिजेत," मी म्हटलं, "मागे बसणाऱ्याला खड्डा कळता कामा नये."

"सगळा खेळ स्प्रिंगचा आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "कडक घेतली तर धक्का थेट पाठीत. वजनाच्या मानाने फार मऊ घेतली तर ती पार तळाला जाऊन आदळते, मग दणका आणखी मोठा. तुमचं वजन किती? आणि मागे बसणाऱ्यांचं?"

तिथूनच घरी फोन लावला. "पन्नास," आई पटकन म्हणाल्या. सासूच्या शब्दावर शंका घेण्याची आपली टाप नाही. मीही माझं सांगून टाकलं, पंचावन्न.

"मग ही सगळ्यात मऊ घ्या," तो म्हणाला.

एकटी चालवून पाहिली तर खड्डा कधी आला नि कधी गेला, पत्ता नाही. मोठ्या तोऱ्यात आईंना मागे बसवलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला असा दणका बसला की माझेच दात आपटले. आईंची बोटं माझ्या खांद्यात रुतली. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. मावशी तिकडे नेहमीसारख्या दाराकडे डोळे लावून पडल्या असणार, आणि फोनवर आईंना त्यांच्याशी दोन शब्द बोलायचीही सोय नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

आई उठून बसायला लागल्या तशी मी दुकानाकडे निघाले. "मीपण येते," त्या म्हणाल्या आणि मावशींसाठी भरून ठेवलेली पिशवीही सोबत घेतली.

मी दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. त्याने ऐकून घेतलं, स्प्रिंग तपासली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, रागावू नका. वजनं बरोबर सांगितली होती ना?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"त्याला कशाला बोलतेस," आई मधेच म्हणाल्या आणि शेजारच्या पार्सल ऑफिसात शिरल्या; मागोमाग मी आणि दुकानदार. तिथे खोकी तोलायचा मोठा काटा होता. त्यावर सरळ चढून उभ्या राहिल्या. अडुसष्ट.

"पन्नास होतं लग्नात," त्या म्हणाल्या. "नंतर कुणी विचारलंच नाही. आता तू चढ."

"मी कशाला?"

"चढ म्हणते ना."

चढले. एकाहत्तर. पार्सलवाल्याने मोठ्या सभ्यपणाने मान वळवली.

"चोराच्या उलट्या बोंबा," आई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग मलाही हसू आवरेना. कुणापासून लपवत होतो आम्ही? एकाच घरात, एकाच आरशासमोर उभ्या राहतो. आईंनी मावशींची पिशवीपण काट्यावर ठेवली. "ही माझ्या मांडीवर असते. हिचंही धरा."

दुकानदाराने दुसरी जोडी काढली, जरा दणकट, दाबली की सावकाश वर येणारी. बसवून झाल्यावर आम्हा दोघींना पिशवीसकट गाडीवर बसवलं आणि सीट किती खाली गेली ते वाकून पाहिलं. "एवढी बसायला हवी," तो म्हणाला. "याहून जास्तही नाही, कमीही नाही."

तशाच निघालो. स्पीडब्रेकर आला, गाडी खाली गेली आणि आरामात वर आली. मागून आवाज आला, "त्या आपल्या समोर राहणाऱ्या बाईंनी पडदे बदललेले पाहिलेस का?" मग अख्खा रस्ता आईंचं तोंड बंद नव्हतं. गाडीवर त्या बोलतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण तोवर त्या दात आवळून बसायच्या.

मावशींच्या उशाशी त्या मनसोक्त बसल्या. निघताना मावशींनी त्यांचा हात धरून ठेवला. "आता परत कधी?"

आईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशींच्या तोंडासमोर वाकून, सावकाश ओठ हलवत म्हणाल्या, "उद्या."

मावशींना ते नीट कळलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. तरी त्या म्हणाल्या, "समजलं नाही गं, परत सांग."

आईंनी परत सांगितलं.