खुंटीवरचा सदरा

धोंडीच्या नातवाचं, भरतचं, जावळ काढलं ते एक्याण्णव साल. जावळाची माणसं पांगून पंधरवडा होतो न होतो तोच भरतचा बाप मेला. तो बुधा, धोंडीचा एकुलता एक मुलगा. त्याच्या डोक्यात फावडं घातलं ते त्याच्याच बायकोने, शांतीने.

कोन गावच्या वाडीवर त्यांचं कुडाचं घर होतं आणि जवळच्या वीटभट्टीवर तिघंही कामाला जात. शांतीला पोलिसांनी नेलं, भरत आजीकडे राहिला आणि खटला अलिबागच्या कोर्टात उभा राहिला.

सरकारी वकिलांनी धोंडीची साक्ष आधीच घेतली. बुधा बायकोला मारायचा का, असं त्यांनी विचारलं. धोंडीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाय. माझा पोरगा गरीब व्हता." बुधाचं वर्षाचं जेवण अजून घालायचं होतं. तोवर गेलेला माणूस घरातच असतो आणि सगळं ऐकतो, असं त्यांच्यात मानत. दर अवसेला ती त्याच्या नावाचा घास उंबऱ्याशी ठेवत होती. ज्याला घास ठेवायचा त्याचं वाईट चारचौघांत कसं बोलायचं? ती खोटं बोलली आणि शांतीकडे न बघता खाली उतरली.

शांतीच्या बाजूने पनवेलचे अविनाश वकील होते. त्यांनी मुंबईहून पद्मजाबाई नावाच्या मनाच्या डॉक्टरांना साक्षीला आणलं. त्या दिवशी धोंडी भरतला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली होती. आपली साक्ष झाली, आता नुसतं ऐकायचं, असं तिला वाटत होतं.

बाई तुरुंगात जाऊन शांतीशी बोलून आल्या होत्या. रोज मार खाणारी बाई घर सोडून का जात नाही, ते त्या साध्या शब्दांत सांगत होत्या. ती जाते, पण तिला परत आणून घालतात. आणणारी माणसं गोड बोलतात. मग एक दिवस ती जायचंच सोडून देते.

धोंडीची मान खाली गेली. शांती ओवे गावाला, माहेरी पळाली की तिला आणायला धोंडीच जायची. जाताना ताडगोळे न्यायची आणि गोडच बोलायची. ही मुंबईची बाई कधी वाडीवर आली नव्हती, तरी आपल्या घरातलं बोलत होती.

मग सरकारी वकील उठले. बुधाच्या हातात काठी नव्हती, कोयता नव्हता. त्याने सदरा काढून खुंटीला लावला आणि बायकोकडे वळला, एवढंच शांती सांगत होती.

"डॉक्टर, चैत्रात माणूस सदरा काढतोच," ते म्हणाले. "आज घरी जाऊन मीही काढणार आहे. आमच्या हिनेही फावडं घेऊन बसायचं का?"

बाकांवर हशा पिकला.

"तुमच्या घरचं मला माहीत नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "हिच्या घरी सदरा खुंटीला गेला की मार सुरू व्हायचा, असं ही सांगते. मागच्या खेपेला त्याने हिचा गळा दाबला होता. अशी बाई हात उगारायची वाट बघत नाही. खुंटीकडे बघूनच तिला कळतं, आज आपण वाचत नाही."

"असं हीच सांगते. त्याची आई तर नाही म्हणते."

शांतीने मागे वळून धोंडीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भट्टीवरच्या मुकादमाकडे बघावं तशी ती बघत होती, काही न मागता.

दुपारच्या सुट्टीत धोंडीने अविनाश वकिलांना गाठलं आणि मला परत उभी करा म्हणाली. आधीची साक्ष खोटी ठरली तर तुमच्यावरही खटला होऊ शकतो, असं त्यांनी तिला दोनदा समजावलं. ती हलेना. मग त्यांनी अर्ज दिला आणि न्यायाधीशांनी तिला पुन्हा बोलावलं.

बुधा मारायचा, हे धोंडीने सांगितलं. गळा दाबला तेव्हाचं शांतीच्या मानेवरचं काळंनिळं आपणच हळद लावून शेकलं, तेही सांगितलं.

"तो मारायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्यानं सदरा काढला का मी पोराला उचलायची नि भाईर जायची."

"म्हणजे सदरा काढला की मारणार, हे तुम्हालाही माहीत होतं?"

धोंडीने कठडा धरला. "मीच त्याला लावलेली ती सवय, सायेब. मार चुकवताना ती सदऱ्याला धरायची, तो फाटायचा. शिवून शिवून माजे डोळे गेले. मी बोल्ली, बाबा, सदरा तरी काढून ठेवत जा."

या वेळी कोणी हसलं नाही. पद्मजाबाई तिच्याकडे बघत होत्या, ते धोंडीला सोसवेना. तिने तोंडावर पदर घेतला.

शांती सुटली. भरतला न्यायला ती वाडीवर आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. धोंडीने खुंटी उपटून ते भोक शेणमातीने लिंपलं होतं. शांतीची नजर तिथेच गेली.

"आये, भरत येल तुला भेटाया," ती म्हणाली. "मी नाय येनार."

"नको येऊस," धोंडी म्हणाली. तिला वर बघवलं नाही.

शांती नंतर कोनला आली ती एकदाच, धोंडीच्या मातीला. धोंडी अठ्ठ्याण्णव सालच्या पौषात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वारली.