ताईंची मान

कल्पना करा बाळांनो, तुमची आई भरल्या खोलीत उभी आहे, समोर टेबलामागे मोठे साहेब बसलेत, आणि आईच्या उत्तरावर गावाचा दवाखाना टिकायचाय. हात कुठे ठेवाल तुम्ही? भिंगरीने ते मांडीखाली दाबून ठेवले होते. एका जागी बसवत नसे म्हणूनच तिला भिंगरी म्हणत. पण आज ती हलली नव्हती.

दवाखाना दोनच खोल्यांचा. डोंगराखालचा दुसरा दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आजोबांचं दम्याचं औषध इथूनच येई. गावाच्या समितीला कारभार झेपत नसेल, तर नर्सबाईंना खाली हलवायचं, असं कार्यालयाने कळवलं होतं. समितीची अध्यक्ष होती भिंगरीची आई. तिला वर्षभर शिकवलं होतं शहरातून येणाऱ्या ताईंनी. सभा कशी घ्यायची, कामं कशी वाटायची, सगळं. ताई आज दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"रस्ता बंद असताना रोगी खाली कसा नेणार?" साहेबांनी विचारलं.

आईने ताईंकडे पाहिलं. ताईंनी हळूच मान हलवली.

"झोळी करून. चार-चार माणसांच्या पाळ्या ठरवल्यात."

"औषधांच्या कपाटाची किल्ली?"

पुन्हा ताईंकडे नजर. पुन्हा मान.

"दोघींकडे. एक माझ्याकडे, एक शिंपीणबाईंकडे."

"आणि नर्सबाई महिनाभर रजेवर गेल्या तर?"

हे शिकवायचं राहिलं होतं. ताईंच्या कपाळाला आठी पडली. ती आठी पाहून आईने उघडलेलं तोंड मिटलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, प्रश्न मी तुम्हाला विचारतोय. तुम्ही उत्तराआधी यांची परवानगी घेताय. या ताई पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी जाणार. मग कुणाकडे बघाल? भिंतीकडे?"

"भिंत मान तरी कशी हलवणार, साहेब!" मागून दुकानदारकाका म्हणाले. दोघं-तिघं हसले. आईचे कान लाल झाले.

ताई ताडकन उठल्या. "साहेब, त्यांना सगळं येतं. मी सांगते ना..."

ताई बोलू लागताच आईचे खांदे सैल पडले. भिंगरीने ते पाहिलं. गेल्या महिन्यात पाण्याचा पंप बिघडला, तेव्हा हीच आई पदर खोचून गल्लीभर ओरडत फिरली होती. दुकानदारकाकांच्या हातातसुद्धा पाना दिला होता तिने. तेव्हा ताई गावात नव्हत्या.

भिंगरी उठली, लोकांच्या पायांमधून वाट काढत ताईंपाशी गेली आणि त्यांचं मनगट धरलं.

"ताई, बाहेर चला."

"आत्ता? अगं, थांब जरा."

"आत्ताच. काम आहे."

ताईंनी डोळे वटारले. भिंगरीने मनगट सोडलं नाही. साहेब बघत होते, सगळी खोली बघत होती. ताईंनी एकदा आईकडे पाहिलं. आई त्यांच्याचकडे बघत होती, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तशी. ताईंचा चेहरा उतरला. त्या बाहेर आल्या. भिंगरीने दार ओढून घेतलं.

"काय काम आहे?"

"काही नाही."

 आतून फक्त साहेबांच्या खुर्चीची कुरकुर ओट्यावर ऐकू आली. ताई पायरी उतरल्या, परत चढल्या. "चुकलं गं काहीतरी," त्या पुटपुटल्या, कुणाचं ते मात्र बोलल्या नाहीत.

मग आईचा आवाज आला. आधी घोगरा, मग पंपाच्या दिवशीचा.

"साहेब, रजेचं आम्ही ठरवलेलं नाही. खोटं कशाला सांगू? पण आत्ता ठरवतो, तुमच्यासमोर. दुकानदारभाऊ, हसून झालं असेल तर पुढे या. तुमची सून दाईचं काम शिकलीये ना?"

ताईंचे डोळे भरून आले. मान डोलावत त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

भिंगरीने त्यांचा हात कडीवरून काढला, दाराला पाठ लावली आणि उंबऱ्यावर ऐसपैस बसून घेतलं.