दहा नंबरची बस

"उलटं घालताय तुम्ही ते," मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला. "फिरवा. हां, आता ढकला आत."

यंत्राने खट्ट आवाज करून तिकिटाचा कोपरा छापला. एतेरीने तिकीट मुठीत धरलं, खोकं काखेत आणखी घट्ट दाबलं आणि दाराजवळच्या दांड्याला टेकून उभी राहिली. थेसालोनिकीत येऊन तिला अडीच वर्षं झाली होती, पण इथल्या बसमध्ये ती आज पहिल्यांदाच चढली होती.

तिला जॉर्जियाहून बोलावून घेतलं ते नणंदेनं, दारेजाननं. फोतिनीबाईंचं काम मिळवून दिलं तेही तिनेच. पक्षाघाताने एक अंग गेलेल्या त्या म्हातारीचं न्हाणंखाणं, औषधं, सगळं एतेरी बघायची. रविवारी सुट्टी मिळे, पण जायचं कुठे?

"बसच्या वाटेला जाऊ नकोस हं," दारेजाननं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "कागद आहेत म्हणून काय झालं? तुझं ग्रीक म्हणजे नुसती बोंब. तपासनीस चढतात, एक शब्द चुकलीस की खाली उतरवून चौकीत नेतील. तुला जे काय पाठवायचं ते माझ्याकडे दे. मी जातेच की स्टेशनला."

स्टेशनामागून दर रविवारी जॉर्जियाला जाणाऱ्या छोट्या बसगाड्या सुटत. गावात फोन नव्हता, जे काही जायचं ते त्या गाड्यांनीच. महिन्यातून एकदा दारेजान यायची, कॉफी प्यायची आणि एतेरीने गावी राहिलेल्या लेकीसाठी, मारीतासाठी, बांधलेलं पार्सल घेऊन जायची. "पोचलं हं," पुढच्या खेपेला सांगायची.

"चिठ्ठी नाही का दिली पोरीनं, वन्सं?"

"अगं, या वयात कुठं लिहितात पोरं? मजेत आहे ती."

या ऑगस्टात दारेजान मालकांबरोबर बेटावर गेली होती. पुढच्या रविवारी मारीताला तेरावं लागणार होतं आणि तिच्या वाढदिवसासाठी घेतलेले बूट खोक्यातच पडून होते.

"दहा नंबर घे," फोतिनीबाई सकाळी ओरडल्या होत्या. "कोपऱ्यावरून निघते, थेट स्टेशनात थांबते. माझे दोन पाय धड असते तर मीच जाऊन आले असते! जा, घाबरट कुठची."

जुन्या कमानीच्या थांब्यावर तपासनीस चढला. ग्रीकमधलं 'कृपया'सुद्धा एतेरीला आठवेना. त्याने हात पुढे केला, तिकीट पाहिलं आणि परत दिलं.

"थँक्यू. त्या तिकडे सीट रिकामी आहे, बाई. एवढं ओझं घेऊन उभ्या का?"

आणि तो पुढे गेलाही. एतेरी बसली. तिला हसूच आलं. वन्सं उगाच घाबरतात, तिच्या मनात आलं. आता रागावतील, पण आनंदही होईल त्यांना.

स्टेशनामागे पांढरी गाडी उभी होती. चालक गोचा टपावर पोती बांधत होता. आपली भाषा कानावर पडली आणि एतेरीला बरं वाटलं.

"कुणासाठी?" त्याने खोकं घेत विचारलं.

"मारीतासाठी. कुताइसीच्या पुढे, नदीकाठचं गाव. दुकानाच्या वरचं घर."

"म्हणजे दारेजानताईंची भाची! ताई नाही आल्या आज? तुम्हाला पाठवलं वाटतं. दर महिन्याला काहीतरी देतात बघा त्या पोरीसाठी. आत्या असावी तर अशी. आई काय, इकडे आली नि विसरून गेली म्हणतात. अडीच वर्षांत एक रुमाल नाही पाठवला." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ताईंकडे जाताय ना? मग ही चिठ्ठी तेवढी द्या त्यांना. पोरीनं दिलीय."

एतेरीने घडी उघडली. अक्षर ओळखीचं होतं, फक्त आता नीट, बारीक झालेलं.

'आत्या, निळा कोट मिळाला. शाळेत सगळ्यांना आवडला. बाबांनी तुझ्यासाठी वरच्या खोलीला रंग दिलाय, तू आलीस की तिथेच राहायचं म्हणतात. आत्या, आई तुला कधी भेटते का? भेटली तरी मी विचारलं म्हणून सांगू नकोस.'

निळा कोट. बाहीला अस्तर कमी पडलं म्हणून एतेरीने आपल्या परकराचं कापड लावलं होतं.

मागे आगगाडीची शिट्टी झाली. दारेजानला मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी भावाच्या दारात उभं राहायचं, तर हातात काहीतरी हवं. एतेरीला ते कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच लागलं. मागितलं असतं तर ती खोली तिनेच रंगवून दिली असती.

"बरं वाटत नाहीये का, ताई?" गोचाने विचारलं. "बसा जरा. पाणी देऊ?"

"नको." तिने कागदाची घडी पुन्हा जशी होती तशीच घातली आणि त्याच्या हातात दिली. "ही ज्यांची त्यांना द्या. बेटावरून आल्या की येतीलच इकडे. पेन आहे तुमच्याकडे?"

त्याने पेन दिलं. खोक्यावर एतेरीने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाठवणारी, एतेरी. मारीताची आई.

गोचाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान खाली घालून टोपी काढली.

"मला ठाऊक नव्हतं, ताई. आईशप्पथ."

"तुम्हाला कुठून असणार?"

"काय सांगू पोरीला?"

एतेरीने खोक्याच्या झाकणावरून हात फिरवला.

"बूट अंदाजानं घेतलेत," ती म्हणाली. "नाही बसले तर माप पाठव म्हणावं. एवढी असेल ना आता?" आणि तिने हात आपल्या छातीशी आडवा धरला.

गोचाने तिचं मनगट हलकेच धरलं आणि हात वर नेला, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही वर, तिच्या कानापाशी आणून सोडला.

बाकीचे प्रवासी चढले, दारं लागली, गाडी वळून रस्त्याला लागली. एतेरीचा हात अजून तिथेच होता, हवेत, कानाच्या उंचीवर.